वर्गवर्ग, चतुर्घाती की द्विवर्गी? ‘बायक्वाड्रॅटिक’चा नेमका अर्थ आणि वापर

‘बायक्वाड्रॅटिक समीकरण सोडवा’ असं म्हटलं की एकाच्या डोळ्यासमोर क्ष⁴ − १३क्ष² + ३६ = ० येतं आणि दुसऱ्याच्या डोळ्यासमोर क्ष⁴ + २क्ष³ − १४क्ष² + २क्ष + १ = ०. पहिलं तोंडी सुटतं, दुसऱ्याला कागद लागतो. दोघंही बरोबर असतात, कारण हा शब्द दोन अर्थांनी चालतो.

रुंद अर्थ जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बीजगणितात चौथ्या कोटीच्या, म्हणजे सर्वांत मोठा घातांक चार असलेल्या, कुठल्याही समीकरणाला बायक्वाड्रॅटिक म्हणत. आपल्याकडच्या बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमांत तो वापर अजून टिकून आहे: ‘क्युबिक आणि बायक्वाड्रॅटिक’ अशी जोडी दिसली की तिथे कार्दानो, फेरारी, देकार्त यांच्या पद्धती येणार हे समजायचं. अरुंद अर्थ अलीकडच्या पुस्तकांत जास्त दिसतो. अक्ष⁴ + बक्ष² + क = ०, म्हणजे ज्यात क्ष³ आणि क्ष ही पदं नाहीतच, तेवढंच बायक्वाड्रॅटिक; बाकी सर्वसाधारण चौथ्या कोटीला ‘क्वार्टिक’. म्हणून वाचायला घेतलेल्या पुस्तकात व्याख्या कुठली आहे ते पहिल्या पानावरच बघून घ्यावं. अरुंद अर्थाची युक्ती रुंद अर्थाच्या समीकरणाला लावली की गाडी पहिल्याच वळणावर अडते.

मराठीत मी सर्वसाधारणला ‘चतुर्घाती’ आणि खास प्रकाराला ‘द्विवर्गी’ म्हणतो, या लेखातही तसंच. फक्त सम घातांक असलेल्या समीकरणाला ‘समघाती’ म्हणायचा मोह होतो, तो टाळावा. समघाती म्हणजे ज्याच्या सगळ्या पदांची कोटी सारखी ते. तो वेगळाच प्राणी आहे.

शब्दाची फोड केली की आणखी एक गोंधळ मिटतो. ‘क्वाड्रॅटिक’मध्ये चार आहे, मग ते दुसऱ्या कोटीचं कसं? लॅटिनमध्ये ‘क्वाड्रॅटस’ म्हणजे चौरस. चार बाजूंचा म्हणून ‘चार’, आणि चौरसाचं क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग म्हणून दुसरी कोटी. आपल्या ‘चौरस’ शब्दातही ‘चतुरस्र’ लपलेला आहेच. आर्यभटाने ४९९ मध्ये वर्गाची व्याख्या ‘वर्गः समचतुरश्रः’ अशीच केली: आकृती आणि गुणाकार, दोन्हींना एकच नाव. म्हणजे ‘बाय-क्वाड्रॅटिक’ हे ‘दोनदा चार’ नसून ‘दोनदा वर्ग’ आहे. संस्कृत बीजगणितात याला सरळ ‘वर्गवर्ग’ म्हणतात. वर्गाचा वर्ग.

जाता जाता: चौथा घात नावाच्या बाबतीत नशीबवान आहे. ग्रीक गणिती डायोफँटसच्या नावांत घातांकांची बेरीज होते, म्हणून त्याचा ‘घनघन’ सहावा घात. आपल्याकडे गुणाकार होतो, म्हणून ‘वर्गघन’ सहावा आणि पाचव्याला ‘वर्गघनघात’ असं लांबलचक नाव. पण वर्गवर्ग कसाही मोजा, दोन अधिक दोनही चार आणि दोन गुणिले दोनही चार. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये चौथ्या घातासाठी ‘झेन्झिझेन्झिक’ हा शब्द छापला, आठव्यासाठी ‘झेन्झिझेन्झिझेन्झिक’. त्यापेक्षा ‘बायक्वाड्रॅटिक’ परवडला.

आता काम. द्विवर्गी समीकरणात क्ष² = त असं धरायचं. क्ष⁴ − १३क्ष² + ३६ = ० चं त² − १३त + ३६ = ० होतं, अवयव (त − ४)(त − ९), म्हणून त = ४ किंवा ९, म्हणून क्ष = ±२, ±३. चार मुळं. दहावीतलं वर्गसमीकरण येत असेल तर नवीन काहीच नाही, आणि म्हणूनच इथल्या चुका निष्काळजीपणाच्या असतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे त = ४, त = ९ इथेच उत्तराखाली दोन रेघा मारणं. त हा आपण मधे आणलेला पाहुणा आहे, प्रश्न क्षबद्दल होता. त्याखालोखाल वर्गमूळ काढताना फक्त धन किंमत लिहिणं. द्विवर्गीत क्षच्या जागी −क्ष घातलं तर समीकरण जसंच्या तसं राहतं, म्हणून एखादं मूळ मिळालं की त्याचं विरुद्ध चिन्हाचं भावंड असलंच पाहिजे. शून्य सोडून कुठलंही मूळ एकटं दिसलं तर काहीतरी गळलं आहे. तिसरी चूक शून्याचीच: क्ष⁴ = ९क्ष² ला क्ष² ने भागून क्ष = ±३ लिहायचं आणि शून्य हरवायचं. भागू नका, सगळं एका बाजूला आणा, क्ष²(क्ष² − ९) = ०. शून्य इथे दुहेरी मूळ आहे.

मग ऋण त. क्ष⁴ − ५क्ष² − ३६ = ० मध्ये त = ९ किंवा −४. वास्तव संख्यांत क्ष² = −४ शक्य नाही, म्हणून वास्तव मुळं फक्त ±३. प्रश्नात ‘वास्तव मुळे’ असं लिहिलं नसेल तर मात्र ±२√(−१) ही दोनही लिहावी लागतात. किती वास्तव मुळं येणार हे सोडवण्याआधीच कळतं. अ धन करून घ्या. क ऋण असेल तर दोन तच्या किमतींचा गुणाकार ऋण, म्हणजे एक धन एक ऋण, म्हणजे नेमकी दोन वास्तव मुळं. विवेचक काढायचीसुद्धा गरज नाही. क धन असेल तर चार वेगळी वास्तव मुळं यायला ब ऋण हवा आणि विवेचक ब² − ४अक धन हवा. ब धन असेल तर एकही नाही, कारण तीन धन गोष्टींची बेरीज शून्य कशी होईल?

विवेचक ऋण आला की बरेच जण पेन खाली ठेवतात. क्ष⁴ − ३क्ष² + ९ = ० घ्या. विवेचक ९ − ३६ = −२७. सूत्रात घातलं तर तच्या किमतीत √(−२७) येतं आणि त्याचं पुन्हा वर्गमूळ काढायची वेळ येते. ते होतं, पण उगाच घाम गाळायचा. इथे पूर्ण वर्ग नेहमीच्या बाजूने न करता उलट्या बाजूने करायचा. नेहमी आपण क्ष⁴ आणि क्ष² ही पदं धरून ठेवतो आणि स्थिर पद हलवतो. आता क्ष⁴ आणि ९ धरून ठेवा आणि मधलं पद हलवा:

क्ष⁴ − ३क्ष² + ९ = (क्ष² + ३)² − ९क्ष² = (क्ष² + ३क्ष + ३)(क्ष² − ३क्ष + ३)

दोन साधी वर्गसमीकरणं हातात आली. क्ष = (±३ ± √(−३))/२, चिन्हांच्या चारही जोड्या घ्यायच्या. विवेचक ऋण असताना (आणि अ = १ असताना) ही युक्ती कधीच फसत नाही: क धनच असतो आणि २√क हा बपेक्षा मोठाच असतो, म्हणून (क्ष² + √क)² मधून वजा करायला (२√क − ब)क्ष² हे धन पद उरतंच. बहुपदीचे वास्तव अवयव हवे असतील, उदाहरणार्थ संकलन (इंटिग्रेशन) करताना, तर हाच रस्ता.

याच युक्तीने क्ष⁴ + ४ चे अवयव (क्ष² + २क्ष + २)(क्ष² − २क्ष + २) असे पडतात. ‘दोन वर्गांच्या बेरजेचे अवयव पडत नाहीत’ असं पाठ केलेल्यांना हा धक्का असतो. याला सोफी जर्मेनचं नित्यसमीकरण म्हणतात. त्यातून लगेच कळतं की १ पेक्षा मोठ्या कुठल्याही नैसर्गिक संख्येच्या चौथ्या घातात ४ मिळवले तर मूळ (अविभाज्य) संख्या मिळणार नाही: ३⁴ + ४ = ८५ = १७ × ५.

दुसरी अडचणीची जागा म्हणजे करणीतली करणी, वर्गमुळाच्या आत वर्गमूळ. क्ष⁴ − १०क्ष² + १ = ० मध्ये त = ५ ± २√६, आणि क्ष = ±√(५ ± २√६). इथे थांबायचं की पुढे जायचं? निकष सोपा आहे. अ = १ करून घेतल्यावर क हा पूर्ण वर्ग आहे का ते बघा. असेल तर करणी उलगडते. क्ष = √म + √न धरलं आणि दोनदा वर्ग केला तर

क्ष⁴ − २(म + न)क्ष² + (म − न)² = ०

मिळतं. तेव्हा आपल्या उदाहरणात म + न = ५ आणि म − न = १, म्हणजे म = ३, न = २. चारही मुळं ±√३ ± √२. उलट क्ष⁴ − ४क्ष² + २ = ० मध्ये क = २, पूर्ण वर्ग नाही. क्ष = ±√(२ ± √२) हेच शेवटचं रूप; त्याला साध्या करणींच्या बेरजेत फोडायचा प्रयत्न वाया जाणार. (√(२ + √२) म्हणजे २२.५ अंशांच्या कोज्येची दुप्पट, साधारण १.८४७८.) ‘करणी’ हा शब्द नववीच्या पुस्तकातला वाटतो, पण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त ‘करणीषड्विध’ नावाचं प्रकरणच आहे. करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ अशी सहा कामं. आपण आत्ता केलं ते सहावं.

काही चतुर्घाती समीकरणं वेष पालटून आलेली द्विवर्गी असतात. (क्ष + १)(क्ष + २)(क्ष + ३)(क्ष + ४) = २४ हा स्पर्धापरीक्षांचा लाडका नमुना. सगळं गुणून काढलं तर क्ष⁴ + १०क्ष³ + ३५क्ष² + ५०क्ष = ०, त्यात द्विवर्गीपणाचा मागमूस नाही. पण चारही कंस −२.५ भोवती सममित आहेत. क्ष + ५/२ = य ठेवा:

(य² − ९/४)(य² − १/४) = २४

म्हणजे य⁴ − २.५य² − २३.४३७५ = ०, य² = ६.२५ किंवा −३.७५, वास्तव मुळं य = ±२.५, म्हणजे क्ष = ० आणि −५. सगळं सरकवायचा कंटाळा असेल तर पहिला आणि चौथा, दुसरा आणि तिसरा कंस गुणा. दोन्हीकडे क्ष² + ५क्ष येतं, त्यालाच एक अक्षर द्या. पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा गुणले तर क्ष² + ३क्ष आणि क्ष² + ७क्ष येतात आणि काहीच जुळत नाही. इथे बरीच मंडळी फसतात.

सममिती डोळ्यांना दिसली नाही तर एक चाचणी आहे. क्ष⁴ + पक्ष³ + फक्ष² + भक्ष + म = ० असं समीकरण असेल तर क्ष = य − प/४ ठेवल्यावर घनाचं पद नेहमीच जातं. यचं पद मात्र फक्त तेव्हाच जातं जेव्हा

प³ − ४पफ + ८भ = ०

आपल्या उदाहरणात १००० − १४०० + ४०० = ०. जमलं. उत्तर शून्य आलं नाही तर सरकवून द्विवर्गी होणार नाही हे नक्की, दुसरा रस्ता बघा. अर्ध्या मिनिटाची चाचणी आहे, पण क्रमिक पुस्तकांत ती क्वचितच सापडते.

आणि चाचणी नापास झाली तर? इथे ११५० कडे जायला हवं. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त एक प्रश्न आहे: अशी संख्या कोणती, की जिला २०० ने गुणून त्यात तिचा वर्ग मिळवला, त्याची दुप्पट केली आणि ती तिच्या वर्गवर्गातून वजा केली, तर दहा हजाराला एक कमी उरतो? आजच्या लिखाणात:

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

त्यांच्या मांडणीत क्ष म्हणजे यावत्तावत्, ‘या’. वर्गाला ‘याव’, वर्गवर्गाला ‘यावव’, स्थिर पदाला ‘रू’ म्हणजे रूप. ऋण पदाच्या अंकावर टिंब. चाचणी लावा: प = ०, भ = −४००, उत्तर −३२००. द्विवर्गी नाही, सरकवूनही होणार नाही.

पहिला सुचणारा डाव असा: डावीकडे क्ष⁴ − २क्ष² आहे, १ मिळवला की (क्ष² − १)² झालं. म्हणून दोन्ही बाजूंत ४००क्ष + १ मिळवा. डावीकडे पूर्ण वर्ग आला, पण उजवीकडे ४००क्ष + १०००० राहिलं, त्याचं मूळ निघत नाही. भास्कराचार्य हा फसलेला डाव मुद्दाम दाखवतात आणि मग म्हणतात, इथे बुद्धी लागते. मग ते दोन्ही बाजूंत ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवतात:

क्ष⁴ + २क्ष² + १ = ४क्ष² + ४००क्ष + १००००

डावीकडे (क्ष² + १)², उजवीकडे (२क्ष + १००)². दोन्ही बाजूंची मुळं घेतली, क्ष² + १ = २क्ष + १००, म्हणजे क्ष² − २क्ष − ९९ = ०, आणि क्ष = ११. पडताळा: १४६४१ − २४२ − ४४०० = ९९९९.

‘४क्ष² मिळवा’ हे कुठून सुचलं, हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. त्याचं पद्धतशीर उत्तर चारशे वर्षांनी इटलीत आलं. कार्दानोचा शिष्य लुडोविको फेरारी याची रीत कार्दानोने १५४५ मध्ये छापली. तिला हेच उदाहरण देऊन बघा. क्ष⁴ = २क्ष² + ४००क्ष + ९९९९ लिहा आणि डावीकडे (क्ष² + ल)² करायचं म्हणून दोन्ही बाजूंत २लक्ष² + ल² मिळवा. ल अजून ठरलेला नाही.

(क्ष² + ल)² = (२ + २ल)क्ष² + ४००क्ष + (९९९९ + ल²)

उजवी बाजू पूर्ण वर्ग व्हायला तिचा विवेचक शून्य हवा: ४००² = ४(२ + २ल)(९९९९ + ल²), म्हणजे

(१ + ल)(९९९९ + ल²) = २००००

हे लमधलं घनसमीकरण. ल = १ घालून बघा: २ × १०००० = २००००. भास्कराचार्यांचं पाऊल म्हणजे नेमकं ल = १. फसलेला डाव म्हणजे ल = −१, जिथे उजवीकडचं क्ष² चं पदच नाहीसं होतं.

यावरून ‘फेरारीची पद्धत आपल्याकडे आधीच होती’ असं कोणी म्हणू लागलं तर तो दावा टिकत नाही. अशा समीकरणांना ठराविक रीत नाही, आपल्या बुद्धीने वाट काढावी, असं भास्कराचार्यच सांगतात. त्यांच्याकडे वर्ग जुळवण्याची नजर होती. फेरारीने त्या नजरेच्या जागी घनसमीकरण बसवलं, म्हणून कुठलंही चतुर्घाती त्यातून जातं. उरलेली मुळंही आता मिळतात: क्ष² − २क्ष − ९९ = ० चं दुसरं मूळ −९ (पडताळा: ६५६१ − १६२ + ३६०० = ९९९९). शिवाय वर्गमूळ घेताना ऋण चिन्ह घेतलं तर क्ष² + २क्ष + १०१ = ०, त्याची मुळं −१ ± १०√(−१).

फेरारी हाताने वापरायचं असेल तर एक व्यवहारी सल्ला. घनसमीकरणासाठी लगेच कार्दानोचं सूत्र काढू नका. आधी ल = ०, ±१, ±२, ±१/२ असे छोटे परिमेय आकडे घालून बघा; पुस्तकातलं उदाहरण असेल तर यांतला एखादा बहुधा लागतो. आणि ल चालेल तो एकच पुरे. तीन ल सापडले तरी चार मुळं तीच येतात, फक्त जोड्या वेगळ्या पडतात.

चतुर्घातीचा तिसरा प्रकार, सहगुणक दोन्हीकडून वाचले तरी सारखे असलेला. प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. भिंतीला टेकून १ मीटर बाजूचा घनाकृती खोका ठेवला आहे. ४ मीटरची शिडी जमिनीवर आणि भिंतीवर टेकते आणि खोक्याच्या कडेलाही लागते. शिडी भिंतीवर किती उंच पोचेल? खोक्याच्या पुढे जमिनीवर क्ष अंतर असेल तर समरूप त्रिकोणांमुळे खोक्याच्या वर भिंतीवर १/क्ष उंची. पायथागोरसने

(१ + क्ष)² + (१ + १/क्ष)² = १६

क्ष² ने गुणून आवरलं की क्ष⁴ + २क्ष³ − १४क्ष² + २क्ष + १ = ०. लेखाच्या सुरुवातीचं दुसरं समीकरण हेच. सहगुणक १, २, −१४, २, १. मघाची चाचणी लावली तर १३६ येतात, म्हणजे सरकवणं निरुपयोगी. पण क्ष² ने भागून (क्ष शून्य नाही हे इथे माहीत आहे, म्हणून भागायला हरकत नाही) क्ष + १/क्ष = स ठेवलं तर स² + २स − १६ = ०. स = −१ ± √१७. ऋण स टाका, कारण अंतर धन आहे. स = ३.१२३१, म्हणजे क्ष² − ३.१२३१क्ष + १ = ०, क्ष = २.७६१ किंवा ०.३६२. दोन्ही उत्तरं खरी आहेत: शिडी एकतर ३.७६ मीटर उंच टेकते आणि पाय १.३६ मीटरवर, किंवा नेमकं उलट. इथे क्ष² + १/क्ष² च्या जागी स² लिहिणं ही नेहमीची चूक. ते स² − २ असतं. शिडी २√२ म्हणजे साधारण २.८३ मीटरपेक्षा आखूड असेल तर स दोनपेक्षा कमी होतो आणि क्षला वास्तव किंमतच मिळत नाही. खोका मधे येतो, एवढाच त्याचा अर्थ.

अरुंद अर्थाची द्विवर्गी अभियांत्रिकीत सगळ्यात जास्त कंपनांत भेटतात. दोन भिंतींमध्ये तीन सारख्या स्प्रिंगा आणि त्यांच्या मधे दोन सारखी वजनं. प्रत्येक वस्तुमान २ किलो, प्रत्येक स्प्रिंगचा स्थिरांक ८०० न्यूटन प्रति मीटर. कोनीय वारंवारतेला ग म्हटलं तर (१६०० − २ग²)² = ८००², म्हणजे

ग⁴ − १६००ग² + ४८०००० = ०

ग² = ४०० किंवा १२००. ग = २० आणि ३४.६४ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ३.१८ आणि ५.५१ हर्ट्झ. पहिल्यात दोन्ही वजनं एका दिशेने झुलतात, दुसऱ्यात विरुद्ध. ऋण ग नवी माहिती देत नाही, म्हणून इथे ± लिहीत नाहीत. गणिताच्या वहीत जी चूक ठरेल तीच इथे रीत आहे. ग² ऋण आला तर मात्र ‘वास्तव मूळ नाही’ म्हणून सोडून देऊ नका. अशा रचनेत त्याचा अर्थ यंत्रणा अस्थिर आहे असा होतो, आणि तेच कळायला हवं असतं.

संगणकावर सोडवताना वेगळाच घोळ होतो. क्ष⁴ − १००००क्ष² + १ = ०. त = (१०००० ± √९९९९९९९६)/२, आणि ते वर्गमूळ ९९९९.९९९८ आहे. साध्या ३२ बिटांच्या दशांश संख्येत या टापूत दोन शेजारच्या संख्यांत सुमारे ०.००१ चं अंतर असतं, म्हणून यंत्र ते वर्गमूळ १०००० धरतं. वजाबाकी शून्य, त = ०, क्ष = ०. पण स्थिर पद १ असताना शून्य हे मूळ असूच शकत नाही. उपाय जुनाच: आधी मोठा त काढा, जिथे बेरीज होते आणि अंक गळत नाहीत, आणि मग लहान त = क/(अ × मोठा त). इथे १/१०००० = ०.०००१, क्ष = ±०.०१. ब धन असेल तर चिन्हं उलटी होतात हे लक्षात ठेवा. ज्या चिन्हाने वर्गमूळ आणि −ब एकाच बाजूला पडतात ते चिन्ह आधी.

उरला तो शब्द इतर क्षेत्रांत जिथे भलत्याच अर्थाने येतो. संख्या सिद्धांतात गाऊसने १८२८ आणि १८३२ च्या लेखांत ‘बायक्वाड्रॅटिक अवशेष’ हाताळले. तिथे समीकरण सोडवायचं नसतं, एखादी संख्या चौथ्या घाताचा अवशेष आहे का ते बघायचं असतं. १३ ने भागल्यावर वर्गांचे अवशेष १, ३, ४, ९, १०, १२. वर्गवर्गांचे फक्त १, ३, ९. बीजगणितात ‘बायक्वाड्रॅटिक क्षेत्र’ म्हणजे परिमेय संख्यांत √२ आणि √३ सारख्या दोन वेगळ्या करणी मिळवून केलेलं क्षेत्र. मघाची ±√३ ± √२ ही चार मुळं तिथेच राहतात.

अभियंत्यांच्या सांत घटक (फायनाइट एलिमेंट) पद्धतीत ‘बायक्वाड्रॅटिक’ म्हणजे क्ष आणि य दोन्हींत वेगवेगळा दुसऱ्या कोटीचा घटक. चौकोनाला नऊ बिंदू, सर्वांत मोठं पद क्ष²य². आठ बिंदूंच्या घटकात हे पद नसतं, म्हणून आठ बिंदूवाल्याला हा शब्द लावू नये. आणि ध्वनी अभियंत्याचा ‘बायक्वाड’ फिल्टर म्हणजे ज्याचं सूत्र अपूर्णांकासारखं असतं: वर एक वर्गबहुपदी, खाली एक वर्गबहुपदी, पाच सहगुणक. इक्वलायझरचा एकेक पट्टा साधारणपणे असा एकेक फिल्टर असतो. चौथ्या कोटीचा फिल्टर हवा असेल तर चौथ्या कोटीच्या बहुपदी थेट वापरत नाहीत, दोन बायक्वाड एकामागोमाग लावतात. मोठ्या कोटीच्या बहुपदीत सहगुणक किंचित गोल केला तरी मुळं भलतीकडे सरकतात, वर्गबहुपदीत ती बरीचशी जागेवर राहतात.